ओडीलने तोंड झाकलं नाही

नळाखाली बादली सरकवण्याआधी ओडील जोसेफ ती पालथी करायची, बुडावर बोटाच्या पेराने एकदाच टकटक करायची आणि तो आवाज पार विरेपर्यंत थांबायची. मगच पाणी भरायची. हे रोजचं होतं, आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या बायांची कुरकुरही रोजची. युला म्हणायची, हिला बादलीची परवानगी लागते. ओडील म्हणायची, परवानगी कसली, तब्येत विचारते. तुझी विचारत नाही, कारण तू न विचारता सांगतेस.

ती कपडे धुणारी. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कोरड्या नदीवरचा पूल ओलांडला की टेकडी सुरू होते, आणि टेकडीवरच्या माणसाने काम मागताना आपला पत्ता सांगू नये अशी तिथली रीत. ओडील मुद्दाम सांगायची. "पुलामागे," एवढं बोलून समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायची, त्याला पुढे काही म्हणायचं असेल तर म्हणू दे म्हणून. मैदानाकडच्या बंगल्यांतले कपडे ती गाठोडं बांधून डोक्यावरून आणायची, कसाव्याच्या खळीत बुडवायची आणि शेगडीवर तापवलेल्या लोखंडी इस्त्र्यांनी असे कडक करायची की सदरे भिंतीला टेकून उभे राहतील. नवरा रूपर्ट अरुबाच्या तेलाच्या कारखान्यात गेला होता. तिथून त्याने फक्त एक फोटो पाठवला, त्यात त्याच्याशेजारी एक बाई होती. ओडीलने फोटो फाडला नाही. मधोमध कापला आणि बाईचा अर्धा भाग ठेवून घेतला. टोपी चांगली आहे म्हणाली.

घरात दुसरं माणूस म्हणजे तिची आई, मा क्लेमान्स. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ती दिवसभर उंबऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पावलांवरून ओळखायची आणि चुकली तर समोरच्याने चाल बदलली म्हणून त्यालाच बोल लावायची. रागावली की पत्वा बोलायची, फ्रेंच वळणाची जुनी बोली, जी आता फक्त म्हाताऱ्यांना आणि प्रार्थनेला जमणाऱ्या काही जणींना येत होती.

घरापुढून उतरलेला नाला ओलांडला की खाली आर्माडा बँडचं अंगण. आंब्याच्या झाडाखाली लोखंडी पॅन टांगलेले असत. मा क्लेमान्सच्या आईच्या काळात सरकारने चामड्याचे ढोल बंद केले, तेव्हा लोकांनी बांबू तोडून आणले आणि जमिनीवर आपटून तोच ताल धरला. बांबूवरही सरकारचा डोळा गेला तेव्हा बिस्किटांचे डबे आले, रंगाचे डबे आले. युद्ध संपल्यावर अमेरिकनांच्या तळावरची रिकामी तेलाची पिंपं आली. पिंप कापायचं, बूड हातोडीने परातीसारखं खोल करायचं, टायर जाळून तापवायचं आणि मग एकेक सूर ठोकून जागेवर बसवायचा. हातोडी धरणारा अन्सिल. तोच बँडचा कॅप्टन. दुसऱ्या टेकडीवरच्या सहारा बँडशी झालेल्या मारामारीत त्याच्या हनुवटीवर एक वण आला होता, आणि तो बोलायच्या आधी त्या वणावरून बोट फिरवायचा.

शहर पॅनवाल्यांना गुंड म्हणायचं. त्यांतले काही होतेही. पण टेकडीची इभ्रत म्हणून जे काही होतं ते त्या अंगणात होतं, आणि तिथे बाईमाणसाला जागा नव्हती. बायांनी जेवण पाठवावं, जखमांना पट्ट्या बांधाव्यात, मिरवणुकीत मागे नाचावं. पॅनला हात लावू नये. असा नियम कुणी केला होता असं नाही. पण तो मोडलाही कुणी नव्हता.

ओडीलने अन्सिलकडून एक बाद झालेला टेनर मागून घेतला होता. बारीक सुरांचा तो पॅन गळ्यात अडकवून वाजवायचा असतो. त्यातले दोन सूर मेले होते, म्हणजे काडी मारली की नुसता पत्र्याचा आवाज. खळीला बरा पडेल, ती म्हणाली होती. दिवसभर त्यात खळ असायचीही. संध्याकाळी ती तो घासूनपुसून घर ज्या खांबांवर उभं होतं त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत न्यायची आणि बोटांच्या टोकांनी वाजवत बसायची, उंबऱ्यातल्या आईलाही जेमतेम ऐकू जाईल इतकं हळू. ती एकटीच तशी वाजवत नव्हती. कार्निव्हल जवळ आलं की खालच्या अंगणातही काड्या बाजूला पडायच्या आणि सगळे बोटांनी वाजवायचे. कार्निव्हलच्या पहिल्या दिवशी, जूवेच्या पहाटे, प्रत्येक बँड एक गाणं अचानक फोडतो. त्याला बॉम्ब म्हणतात. गाणं कुठलं, हे तोवर कुणाला कळता कामा नये. ज्याचा बॉम्ब आधी फुटला, त्याला पुढचं वर्षभर रमच्या दुकानात मान वर करता येत नाही.

त्या वर्षी आर्माडाने युरोपातल्या कुणा जुन्या उस्तादाचा वॉल्ट्झ निवडला होता. सगळेच बँड तसलं काहीतरी निवडायचे. पियानोवर वाजणारं गाणं तेलाच्या पिंपावर वाजवून दाखवायचं, ही चुरस होती. अन्सिल एका बंगल्याला रंग देत असताना खिडकीतून त्याला तो वॉल्ट्झ सापडला, आणि रोज शिडी त्याच खिडकीशी लावून त्याने तो पाठ केला. त्या बंगल्याची एक भिंत इतर भिंतींपेक्षा जास्त चकचकीत झाली म्हणतात.

ओडीलला तो वॉल्ट्झ खालून बोटांतून ऐकू आला आणि तिच्या बोटांत उतरला. तिने कुणाला सांगितलं नाही. पण इस्त्री करताना आपल्या घशात काय चालू असतं, याचा तिला पत्ता नसायचा. शेजारच्या फळीवर युला इस्त्री करायची, तिने तो उचलला. युलाकडून तो नळावर गेला, नळावरून बाजारात, आणि बाजारात तर सगळ्या टेकड्यांच्या बाया येतात.

कार्निव्हलला पंधरवडा उरला असताना मैदानावर क्रिकेटचा सामना होता. सहाराचा एक जण अन्सिलच्या समोर येऊन उभा राहिला आणि त्याने तो वॉल्ट्झ सुरुवातीपासून शेवटपर्यंत शीळ घालून ऐकवला. मधला अवघड तुकडासुद्धा. मग टोपी काढून वाकला.

अंगणात फितुराचा शोध सुरू झाला, आणि तो फार लांब गेला नाही. बँडमधल्या डेल्मारची मैत्रीण सहाराच्या टेकडीवर राहत होती. तेवढं पुरलं. ओडील गाठोडं घेऊन परत येत होती तेव्हा चार जणांनी त्याला आंब्याच्या बुंध्याशी दाबून धरलं होतं आणि त्याचा सदरा, जो तिनेच कडक केला होता, खांद्यापाशी टरकला होता. तिला नळावरची युला आठवली, तिच्या ओठांवरची शीळ आठवली. गाठोडं डोक्यावर ठेवूनच तिने नाला ओलांडला.

"त्याला सोडा," ती म्हणाली. "गाणं माझ्या तोंडून गेलं."

अन्सिलने वणावरून बोट फिरवलं. "तुझ्या तोंडात आलं कुठून?"

"तुम्ही बोटांनी वाजवता, मी बोटांनी ऐकते."

"तो पॅन खळीला नेला होतास ना?"

"खळीलाच. खळ संपली की वाजवते."

कुणीतरी फिसकन हसलं. डेल्मारला सोडलं गेलं, पण त्याने जायचं सोडून तिथेच थांबून सदऱ्याची फाटकी बाही हातात धरली. अन्सिल ओरडला नाही. तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, बाईच्या कानात गेलेली गोष्ट बाजारात जाते हे त्याच्या बापाने त्याला सांगितलं होतं आणि त्याने ऐकलं नव्हतं. "आजपासून नाल्याच्या या बाजूला तुझं पाऊल नको. जेवण द्यायचं असेल तर पलीकडून दे."

"मग जेवणही नाही," ओडील म्हणाली. "पलीकडून कुत्र्याला टाकतात."

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हातारी चिडेल. म्हातारी हसायला लागली, ती खोकला येईपर्यंत हसत राहिली. मग तिने विचारलं, पुरुषांचं गाणं म्हणजे काय गं? आणि जे सांगितलं ते ओडीलने लहानपणी ऐकलं होतं, पण तुकड्यातुकड्याने, झोपेत असल्यासारखं. मा क्लेमान्सची आई, झाबेत, लाठीच्या खेळात पुढे उभी राहून गाणं चालवायची. रिंगणात दोघे काठ्या घेऊन उतरायचे, ढोल तिच्या मागे असायचे आणि ती ओळ टाकेपर्यंत कुणाची काठी उठायची नाही. ढोल बंद झाले त्या वर्षी शिपाई आले आणि त्यांनी ढोल कुऱ्हाडीने फोडले. अंगणाच्या फाटकाला कुलूप लावलं. झाबेत कुलुपाच्या बाहेर रस्त्यावर उभी राहून गायली, तळहात मांडीवर मारून.

"काय गायली?"

म्हातारीने डोळे मिटले, तसेही ते उघडे असून नसल्यासारखेच होते, आणि पत्वामध्ये ते गाणं म्हटलं. आवाज चिरकलेला, पण ताल कुठे हलला नाही. अंगणाला कुलूप घाल रे बाबा, रस्ता कुठे लपवशील. एवढीच ओळ पुन्हापुन्हा, आणि दर वेळी शेवटचा शब्द एका पायरीने वर चढत गेलेला.

ओडील घराखाली गेली. सूर बोटांना पटापट सापडले, पण शेवटची चढण त्या दोन मेलेल्या सुरांवरूनच जात होती. तिथे आलं की पत्रा खडखडायचा. ती परत मागून सुरुवात करायची आणि परत तिथेच येऊन अडकायची.

दुसऱ्या दिवशी तिने नाल्याच्या आपल्या बाजूला उभं राहून अन्सिलला हाक मारली. त्याला यावंच लागलं, कारण ती थांबणारी नव्हती. तिने सौदा मांडला. तिच्याकडे एक गाणं आहे, ते सहाराला स्वप्नातही सुचणार नाही. ती ते आर्माडाला देईल. पण वाजवताना ती पुढच्या रांगेत असेल, गळ्यात पॅन, हातात काड्या, अंगात झगा.

अन्सिलने गाणं ऐकायला मागितलं. तिने तोंडाने म्हटलं, चढण सोडून. तो म्हणाला, हे लाठीवाल्यांचं गाणं आहे. उघड्या पायांचं. लोक हसतील. परीक्षक बसलेले असतात, गव्हर्नरच्या घरची माणसं गच्चीतून ऐकतात, आपण त्यांना मोठ्या उस्तादांचं संगीत ऐकवतो म्हणून तर ते आपल्याला माणसांत धरायला लागले आहेत.

"किती वर्षं ऐकवतोय आपण?" ओडीलने विचारलं.

"झाली असतील पाच-सहा."

"त्यांचं गाणं आपल्याला येतं हे त्यांना कळलं, अन्सिल. आता आपलं आपल्याला येतं का ते बघू."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, गाणं दे. मुलं शिकतील. तू वरून ऐक.

"गाणं झाबेतचं आहे. ती बाई होती. बाई पुढे उभी राहिल्याशिवाय ते चालत नाही."

"बाई पॅन वाजवते म्हटल्यावर माझ्या पोरांना काय म्हणतील ठाऊक आहे ना?"

"तुझ्या पोरांना आत्ता काय म्हणतात?"

तो निघून गेला. आठवडाभर खाली दुसरं एक गाणं बोटांनी चाललं होतं, कुठल्याशा सिनेमातलं. ते बसत नव्हतं. एकाच जागी ते पुन्हापुन्हा तुटायचं. ओडील वरून ऐकायची आणि इस्त्री आपटायची. तिने ओठ घट्ट मिटून धरले होते. युलाला सांगून ठेवलं होतं, की घशातून हूं जरी निघालं तर पाठीत धपाटा घाल. युलाने दोनदा घातला, त्यातला एक विनाकारण होता असं ओडीलचं म्हणणं. मा क्लेमान्स एकदा म्हणाली, देऊन टाक की गं, गाणं वाजलं म्हणजे झालं. ओडीलने विचारलं, झाबेत आत असती आणि बाहेर दुसऱ्याच कुणी गायलं असतं तर चाललं असतं का?

कार्निव्हलच्या आधीच्या गुरुवारी दुपारी अन्सिल टेकडी चढून आला. उंबऱ्यात मा क्लेमान्स होती. त्याने टोपी काढली, तब्येत विचारली, हवेबद्दल बोलला आणि शेवटी म्हणाला, मा, ते गाणं जरा म्हणून दाखव. म्हातारीने सांगितलं की तिचा घसा बसलाय आणि गाणं पोरीकडे आहे. मग तिने मान फिरवली आणि नसलेल्या माश्या हाकलायला लागली.

ओडील घराशेजारी चादरी वाळत घालत होती. तिने वळून पाहिलं नाही. अन्सिल वाकून घराखाली गेला, खळीने पांढरट झालेला टेनर बाहेर काढला, गुडघ्यांत धरला आणि खिशातून हातोडी काढली. मेलेल्या सुरावर त्याने बोटाने टिचकी मारली, कान लावला, खालून एक ठोका दिला, वरून दोन. परत कान. चादरी वाऱ्यावर फडफडत होत्या, त्या त्याच्या मधे येत होत्या, म्हणून ओडीलने त्या हाताने धरून ठेवल्या. पहिला सूर जिवंत झाला तेव्हा मा क्लेमान्सने माश्या हाकलणं थांबवलं. दुसऱ्याला वेळ लागला.

"शेवटची चढण इथून जाते ना?" अन्सिलने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"तू म्हणताना सोडलीस. माणूस जे सोडतं तेच त्याला हवं असतं." त्याने सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेल्या दोन काड्या पॅनमध्ये टाकल्या. "संध्याकाळी ये. नाल्याच्या आत."

ती आत आली तेव्हा आर्माडाच्या काही जणांनी काड्या खाली ठेवल्या आणि ते गेले. डेल्मार थांबला. ओडीलला तो तांती, म्हणजे मावशी म्हणायचा. तो म्हणाला, तांती ओडीलमुळे मी मार खाल्ला आणि तिच्यामुळेच वाचलो, आता हिशेब बरोबर झाला, म्हणजे मी मोकळ्या मनाने वाजवू शकतो. बाकीचे हसले, आणि बोटं पॅनवर आली.

बातमी बंगल्यांपर्यंत गेलीच. शनिवारी ओडील मिसेस हार्ग्रीव्हचे कपडे पोचवायला गेली तेव्हा बाईसाहेब स्वतः मागच्या दारापाशी आल्या. त्यांचा आवाज गोड होता. त्यांनी ऐकलं होतं, आणि त्यांचा विश्वास बसत नव्हता. ओडील इतक्या वर्षांची त्यांची माहितीची, चर्चमध्ये मातृमंडळाचा निळा पट्टा लावणारी. त्या दंगेखोरांबरोबर रस्त्यावर दिसली तर त्यांना नाइलाजाने दुसरी बाई बघावी लागेल. मग त्यांनी एक तोडगाही सुचवला. जूवेला सगळे मुखवटे घालतात, चिखल फासतात. निदान तोंड झाकून जा, म्हणजे कुणाला दिसायला नको.

"तू सभ्य बाई आहेस, ओडील."

"आहे, मॅडम," ओडील म्हणाली. "म्हणून तोंड झाकणार नाही."

तिने कपडे मोजून दिले आणि पुढच्या आठवड्याचं गाठोडं न मागता निघाली. त्या एका घरावर तिचा अर्धा महिना चालायचा.

जूवेच्या पहाटे रस्ते आधीच भरलेले होते. तेल फासलेली भुतं, शेपट्या लावलेले सैतान, नवऱ्याचे कपडे घातलेल्या बायका आणि बायकोचे कपडे घातलेले नवरे. त्या सगळ्या सोंगांत ओडील एकटी जशी होती तशी आली. पांढरा झगा, तिनेच इस्त्री केलेला, घड्या अशा की बोट कापेल. डोक्याला रुमाल. गळ्यात पट्ट्याने अडकवलेला टेनर. चेहरा धुतलेला. सहाराची माणसं कोपऱ्यावर उभी होती, त्यांनी विचारायला सुरुवात केली, आर्माडाने या वर्षी मोलकरीण ठेवली का, आणि बाई, पातेलं घेऊन निघालीस, भात कुठे राहिला. ओडीलला ऐकू आलं. तिने पट्टा खांद्यावर नीट केला.

अन्सिलने हात वर केला. ठरल्याप्रमाणे त्याने तो खाली आणायचा आणि ओडीलने पहिली ओळ एकटीने टाकायची. हात खाली आला. ओडीलच्या काड्या हलल्या नाहीत. तिची बोटं कायम पत्र्याला लागून वाजवायला शिकलेली. काडीच्या टोकाशी असलेलं अंतर तिला त्या गर्दीत एकदम परकं वाटलं. कोपऱ्यावरचं हसणं वाढलं. आर्माडातला कुणीतरी मागून पुटपुटला, सांगितलं होतं.

तिने दोन्ही काड्या दातांत धरल्या आणि पहिली ओळ बोटांनी वाजवली.

बोटांचा आवाज तो केवढा असणार. पण त्या पहाटे शहरात प्रत्येक जण शक्य तितक्या मोठ्याने वाजवत होता, आणि इथे कुणीतरी हळू वाजवत होतं. जवळचे गप्प झाले, मग त्यांच्या मागचे. दुसरी ओळही तिने बोटांनीच वाजवली. फुटपाथवर टोपल्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक, जिला ओडील ओळखतही नव्हती, उठून उभी राहिली आणि तिने पत्वामध्ये शब्द टाकले. रस्ता कुठे लपवशील. दुसरीने पुढचा उचलला. मग ओडीलने दातांतल्या काड्या हातात घेतल्या, आणि आर्माडाने मागून सगळं लोखंड सोडलं.

ती चढण आली. पहिल्या वेळी ओडीलने डोळे मिटले, पत्रा खडखडेल म्हणून. सूर जिवंत होते.

चौकात एक हवालदार आडवा आला. बँडला पुढे जायला त्याची हरकत नव्हती. त्याने ओडीलकडे बोट केलं आणि म्हणाला, बाई, तू बाहेर ये, इथे तुला लागेल. तो बहुधा भल्यासाठीच सांगत होता. ओडीलने वाजवता वाजवता मान हलवली, नाही अशी. त्याने दुसऱ्यांदा सांगितलं. डेल्मार तिच्या डाव्या बाजूला सरकला, अन्सिल उजव्या. कुणी हात उगारला नाही, कुणाची काडी थांबली नाही. बँड नुसता चालत राहिला, आणि हवालदाराला बाजूला व्हावं लागलं, कारण रस्त्याच्या दोन्ही कडांनी म्हाताऱ्या बाया त्याच्या तोंडावर ती ओळ गात चालल्या होत्या आणि त्यातली एक त्याची आत्या होती. हे त्यानेच नंतर रमच्या दुकानात कबूल केलं.

बक्षीस सहाराला मिळालं. परीक्षकांनी आर्माडाच्या गाण्याबद्दल लिहिलं की ते संगीत म्हणून कच्चं आहे. अन्सिलने तो शेरा दुसऱ्या दिवशी अंगणात मोठ्याने वाचून दाखवला आणि कागदाने शेगडी पेटवली.

मिसेस हार्ग्रीव्हने शब्द पाळला, आणि तिच्या पाठोपाठ आणखी दोन घरांनी. मातृमंडळाने निळा पट्टा परत मागितला. ओडीलने तो धुऊन, इस्त्री करून परत केला. त्या वर्षी घरात मासा क्वचित दिसला. ती रविवारी नारळाचे पाव भाजायला लागली, मग शनिवारीही, आणि दुपारी अंगणात जाऊन वाजवायची. मा क्लेमान्स त्यानंतर दोन कार्निव्हल जगली. तिच्या प्रेतयात्रेला आर्माडा टेकडी उतरून आला, आणि पाद्र्याने चर्चच्या आत पॅन नको म्हटलं म्हणून ते गाणं फाटकाबाहेर रस्त्यावर वाजलं.

पुढे देश स्वतंत्र झाला, गव्हर्नरच्या घरावरचा झेंडा उतरला, पॅनला राष्ट्राचं वाद्य म्हणायला लागले आणि अंगणातल्या मुलींची कुणाला दखल घ्यावीशी वाटेनाशी झाली, इतक्या त्या झाल्या. ओडील त्यांना आधी कितीतरी दिवस काड्या देत नसे. बोटांनी वाजवा म्हणायची. एखादी कंटाळून निघाली तर जाऊ द्यायची. एकदा एका खात्याचे साहेब तिला समारंभाचं बोलावणं घेऊन आले. व्यासपीठावर खुर्ची होती, शाल होती, भाषण होतं. तिने विचारलं, वाजवायचं आहे का? ते म्हणाले, नाही, मुली वाजवतील, तुम्ही बसून ऐकायचं. ती म्हणाली, बसून मी खूप ऐकलंय, घराखाली. साहेबांना ते समजलं नाही, आणि तिने समजावलं नाही. समारंभाच्या दिवशी ती खाली रस्त्यावर मुलींच्या रांगेत उभी होती, पंचाहत्तरी उलटलेली, गळ्यात पॅन. खुर्ची रिकामी राहिली. भाषण करणाऱ्याने त्या खुर्चीकडे बघूनच तिचे आभार मानले.

अन्सिल तिच्या आधी गेला. त्याची हातोडी कुणाला द्यायची यावर वाद झाला. ओडीलने ती डेल्मारच्या मुलीला दिली. अंगणात काही जण म्हणाले, सूर बसवणं हे तरी पुरुषांचं राहू द्या. ओडीलने त्यांना सांगितलं की नाल्याची पलीकडची बाजू अजून रिकामी आहे, ज्याला हवी त्याने तिथे उभं राहून ऐकावं.

शेवटची तीन-चार वर्षं तिच्या बोटांची पेरं सुजायची. तरी रविवारी ती अंगणात जायची, वाजवायची नाही, पण मुली वाजवत असताना त्यांच्या मधोमध उभी राहायची आणि एखादीचा सूर पडला की तिच्या पाठीवर दोन बोटं टेकवायची. त्या रविवारी ती जरा लवकर परत आली, दमलेय म्हणाली. तिची भाची वर्ना स्वयंपाकघरात कललूसाठी, म्हणजे रविवारच्या पालेभाजीच्या रश्शासाठी, पानं चिरत होती, खेकडे टोपलीत वळवळत होते. ओडीलने बूट काढले, पलंगावर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून शेवटचं बोलली, "कललूत या वेळी खेकडा घालू नकोस गं, माझ्याच्याने आता फोडवत नाही."